दादाचे मेसेज आणि निशाणी ५

आदरणीय वकीलताई,

माझं वय ५३. वडिलांच्या पश्चात घर-जमिनीत वाटा मागितला तेव्हापासून थोरला भाऊ रात्री-अपरात्री शिवीगाळीचे मेसेज आणि व्हॉइस नोट पाठवत होता. वाटपाचा दावा चालू आहे. त्यातच माझ्या वकिलांनी अर्ज दिला आणि आठ महिन्यांपूर्वी कोर्टाने हुकूम केला, तो असा: ‘प्रतिवादी क्र. १ याने दाव्याचा निकाल होईपर्यंत वादीस फोन, मेसेज वा इतर कोणत्याही माध्यमातून अर्वाच्य, धमकीचा अगर बदनामीकारक मजकूर स्वतः अगर इतरांमार्फत पाठवू नये.’ दोन महिने बरे गेले. मग पुन्हा सुरू. स्वतःच्या फोनवरून तर पाठवतोच, शिवाय भाच्याच्या फोनवरून पाठवतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहितो, स्टेटसला नाव न घेता ‘लुटारू बहिणी’ वगैरे टाकतो. वर मेसेज करतो, ‘मी अपील केलंय, तुझी ऑर्डर आता रद्दी.’ गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून आलं, ‘एकटी फिरतेस ना, बघून घेतो.’ पोलीस म्हणाले, सिव्हिल मॅटर आहे. आई म्हणते, दोन शिव्या ऐकल्यास तर अंगाला भोकं पडत नाहीत, भावाला जेलमध्ये घालून तुला काय मिळणार? हा कोर्टाचा अवमान होतो का? खरंच जेल होते का? खोटं कशाला सांगू, एक-दोनदा मीही संतापून नको ते लिहिलं आहे.

— एक बहीण

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका शब्दाखाली मी रेघ मारली: ‘इतरांमार्फत’. हा शब्द बऱ्याच मनाई हुकुमांत नसतो. मग समोरचा माणूस बायकोच्या, मुलाच्या, मित्राच्या फोनवरून तेच उद्योग करतो आणि कोर्टात हात वर करतो. तुमच्या वकिलांनी अर्जात हा शब्द मागून घेतला, त्यांना चहा पाजा.

आधी तो हुकूम पुन्हा वाचू या, कारण पुढचं सगळं त्यातल्या शब्दांवर ठरणार आहे. दादाने स्वतःच्या फोनवरून पाठवलेल्या शिव्या हा सरळ भंग. भाच्याच्या फोनवरून आलेल्या ‘इतरांमार्फत’मध्ये बसतात, फक्त त्यामागे दादा आहे हे दाखवावं लागेल. व्हॉइस नोटमध्ये आवाजच दादाचा असेल तर ते सोपं. आणि हुकूम माहीत असूनही भाचा जाणूनबुजून हातभार लावत असेल तर तोही अडचणीत येऊ शकतो, हे त्याच्या कानावर वकिलांच्या पत्राने घालता येईल. ग्रुपवर तुम्ही सदस्य आहात, म्हणजे तिथे लिहिलेला मजकूर तुम्हालाही पाठवलेलाच आहे.

स्टेटसचं मात्र अवघड आहे. हुकूम ‘पाठवू नये’ म्हणतो, ‘प्रसिद्ध करू नये’ असं म्हणत नाही. स्टेटस पाठवलं जातं की लावलं जातं, यावर समोरचा वकील अर्धा तास बोलेल. हुकुमाचे दोन अर्थ निघत असतील तर त्याचा फायदा हुकूम मोडल्याचा आरोप असलेल्याला मिळतो. म्हणून स्टेटसवर भंगाचा अर्ज उभा करू नका. त्याचे पुरावे जोडा, पण मागणी वेगळी करा: हुकुमात ‘प्रसिद्ध अगर प्रसारित करू नये’ एवढी भर घाला. चार पक्क्या मेसेजमध्ये एक लंगडा मिसळला की चर्चा त्या लंगड्याचीच होते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका अर्जाला मी ३७ स्क्रीनशॉट जोडले होते. त्यातला एक नुसता ‘नमस्कार’ होता. न्यायाधीशांनी नेमका तोच उचलून विचारलं, ‘यात अर्वाच्य काय आहे?’

आता ‘अपील केलंय, ऑर्डर रद्दी’. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की दर महिन्याला कुणीतरी मला तो ऐकवतं. अपील दाखल केल्याने हुकूम थांबत नाही. वरच्या कोर्टाने स्थगिती दिली तरच थांबतो. स्थगिती नसेल तर हुकूम चुकीचा वाटला तरी पाळावाच लागतो. तशी स्थगिती आहे का, हे तुमचे वकील ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर पाहू शकतील. तुमच्या दाव्याचा १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो, तो टाकला की तारखा आणि झालेले हुकूम तुम्हालाही फोनवर दिसतात. अपिलाचा सीएनआर वेगळा असेल, तो वकिलांकडून घ्या.

आणि ‘तुझी ऑर्डर आता रद्दी’ या वाक्यावर रागावू नका, ते जपून ठेवा. हुकूम मोडल्याच्या प्रकरणात पहिला बचाव हमखास एकच असतो: ‘मला ऑर्डर माहीतच नव्हती, कॉपी मिळालीच नाही.’ कारण हुकूम माहीत असून जाणूनबुजून मोडला, हे सिद्ध व्हावं लागतं. दादाने तो बचाव स्वतःच्या अंगठ्याने पुसून टाकला आहे. जोडीला त्या दिवसाच्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीची, नक्कल काढा. त्याचे वकील तेव्हा हजर असतील तर तशी नोंद त्यात असेल.

तुमचा मुख्य प्रश्न: अवमान होतो का? होतो, पण ‘अवमान याचिका’ म्हणून जे लोकांच्या डोक्यात असतं, ते दार तुमचं पहिलं नाही. तुमचा हुकूम दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या आदेश ३९ खाली झालेला दिसतो. आपल्याकडे कोर्टात त्या अर्जाला ‘निशाणी ५’ म्हणतात. हुकुमाच्या माथ्यावर ‘नि. ५ खालील आदेश’ असं लिहिलंय का पाहा. तसं असेल तर मोडणाऱ्यासाठीची तरतूद त्याच आदेशात आहे: नियम २-अ. ज्या कोर्टाने मनाई केली त्याच कोर्टात अर्ज करायचा. कोर्ट त्याची मालमत्ता जप्त करू शकतं आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवू शकतं. जप्ती एक वर्षापर्यंत राहते. तरी सुधारणा नसेल तर मालमत्ता विकून, आलेल्या पैशातून तुम्हाला भरपाई द्यायचीही सोय आहे.

दुसरं दार उच्च न्यायालयाचं, न्यायालय अवमान कायदा, १९७१ चं. कोर्टाचा आदेश जाणूनबुजून न पाळणं याला तो कायदा ‘दिवाणी अवमान’ म्हणतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (दंडाचा आकडा ऐकून पक्षकार हसतात. तुरुंगाचा ऐकून हसत नाहीत.) ‘दिवाणी’ म्हणजे कैद नाही, असा अर्थ काढू नका. पण खालच्या कोर्टात नियम २-अ चा रस्ता मोकळा असताना थेट उच्च न्यायालयात गेलात तर ‘आधी तिथे का गेला नाहीत?’ हे ऐकावं लागेल, आणि वकिलांची फी, प्रवास, वर्षं वेगळीच. शिवाय या कायद्यात मुदत आहे: अवमान झाला त्या तारखेपासून एक वर्ष. तुमच्या हुकुमालाच आठ महिने झालेत, मेसेज पुन्हा सुरू होऊन सहा. तेव्हा घाई नको, पण ढिलाईही नको.

जेल खरंच होते का? माझ्या पाहण्यात पहिल्या अर्जावर क्वचित. आधी नोटीस निघते, ‘शिक्षा का करू नये’ म्हणून. मग साहेब वकिलांसोबत येतात, आवाज एकदम खाली. बहुतेक प्रकरणं तिथे माफीच्या शपथपत्रावर आणि पुन्हा असं करणार नाही या हमीवर येऊन थांबतात. खरी माफी मागितली तर कोर्ट शिक्षा सोडून देऊ शकतं, १९७१ च्या कायद्यात तर तसं लिहिलेलंच आहे. कैद होते ती बहुधा हमी देऊनही पुन्हा मोडणाऱ्याला. तेव्हा त्याने हमी दिली तर ती रोजनाम्यात शब्दशः उतरवून घ्या. ‘यापुढे काळजी घेईन’ हे चालणार नाही. ‘वादीस स्वतः अगर इतरांमार्फत असा मजकूर पाठवणार नाही’ हे चालेल.

पुरावा फौजदारी खटल्याइतका चोख लागतो, कारण एका माणसाचं स्वातंत्र्य पणाला असतं. इथे बायका-पुरुष सगळेच एक चूक करतात. स्क्रीनशॉट काढतात, त्यावर वरती नाव असतं ‘दादा’. कोर्ट विचारतं, हा दादा कोण? फोनमध्ये कुणालाही दादा म्हणून सेव्ह करता येतं. म्हणून नावावर टिचकी मारून नंबर दिसेल तो पडदाही टिपा. त्याहून बरं म्हणजे दुसऱ्या फोनने सलग व्हिडिओ काढा: तुमचा फोन हातात, चॅट उघडली, नावावर बोट, नंबर दिसला, मागे आलात, मेसेज तारखेसकट वर सरकत गेला, व्हॉइस नोट पूर्ण वाजली. व्हॉइस नोट वकिलांना फॉरवर्ड करून निश्चिंत होऊ नका. फॉरवर्ड केलेलीवर फॉरवर्डची वेळ पडते, मूळची तुमच्याच फोनमध्ये राहते. म्हणून मूळ चॅट पुसू नका, फोन बदलू नका, आणि दादाने त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय लावली आहे का ते आजच पाहा. त्यात २४ तास, ७ दिवस, ९० दिवस असे पर्याय असतात. लावली असेल तर चॅट एक्स्पोर्ट करून तुमच्याच ई-मेलला पाठवून ठेवा.

फोनमधला मजकूर छापून दिला तर त्याला प्रमाणपत्र लागतं, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) खाली. या प्रमाणपत्राचं महत्त्व आपल्याकडच्याच एका खटल्याने पक्कं केलं. जालन्याच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, निकाल जुलै २०२० चा. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, छापील प्रत द्यायची तर हवंच, असं त्यात म्हटलं आहे. नव्या कायद्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. वकिलांना आधीच विचारा म्हणजे तारखेच्या दिवशी धावपळ होणार नाही.

आता ‘बघून घेतो’ या मेसेजचं. हा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे आणि त्यासाठी दिवाणी कोर्टाच्या तारखेची वाट पाहू नका. धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ चा गुन्हा आहे, आणि ओळख लपवून दिलेल्या धमकीला त्यात जास्तीची शिक्षा आहे. पोलीस ‘सिव्हिल मॅटर’ म्हणाले ते अर्धं खरं. मनाई हुकूम मोडल्याची दाद ते स्वतःहून देऊ शकत नाहीत, ते कोर्टाचं काम. पण धमकी सिव्हिल नाही. लेखी तक्रार द्या, नंबर लिहा, हुकुमाची प्रत जोडा, पोच घ्या. बऱ्याचदा ते अदखलपात्र म्हणून एनसी लिहून कागद हातात देतात आणि माणूस हिरमुसतो. हिरमुसू नका, तो कागद तारीख-वेळेसकट तुमच्या अर्जाला जोडला जातो. नंबर दादाचाच, असं तक्रारीत छातीठोकपणे लिहू नका. संशय आहे एवढंच लिहा, शोधणं पोलिसांवर सोडा. आणि कुणी ‘६६-अ लावा’ असा सल्ला दिला तर सोडून द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, तरी गल्लीतल्या कायदेपंडितांच्या तोंडी ते अजून जिवंत आहे. अंगावर कुणी आलं तर अर्थातच ११२.

वकिलांशी आणखी एक विषय काढा: कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. तो फक्त नवऱ्याविरुद्ध असतो असं पुष्कळांना वाटतं. एका घरात कधीकाळी एकत्र राहिलेल्या बहिणीलाही तो लागू होऊ शकतो, आणि शाब्दिक-मानसिक छळ त्याच्या व्याख्येतच आहे. त्यातल्या कलम १८ च्या संरक्षण आदेशात संपर्कच बंद करता येतो: तोंडी, लेखी, फोनवर, इलेक्ट्रॉनिक, कसाही. मग शिवी आहे की ‘शुभ सकाळ’, हा वादच उरत नाही. असा एक गृहस्थ मी पाहिलाय. संपर्कबंदी असताना रोज फुलांचं चित्र पाठवायचा आणि ‘मी तर शुभेच्छाच दिल्या’ म्हणायचा. फुलंसुद्धा भंगच होती. हा आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. तिथे पोलिसांना ‘सिव्हिल मॅटर’ म्हणता येत नाही. तुम्ही दोघं एका छताखाली कधी, किती वर्षं होतात यावर बरंच अवलंबून राहील, म्हणून हे वकिलांनी तुमचे कागद पाहूनच ठरवावं. खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००.

राहिली आई. ती राहते कुणाकडे, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे. ज्या घरात दोन वेळा जेवायचं त्या घराच्या बाजूने बोलावं लागतं, आणि या वयात तिने तसं बोलावं याचा मला राग येत नाही. फक्त तिचा हिशेब चुकतोय. तुमच्या अर्जावर जप्ती करायची, कैद द्यायची की माफी घेऊन सोडायचं, हे कोर्ट ठरवणार आहे, आणि सोडवून घ्यायची किल्ली दादाच्याच खिशात आहे: मेसेज थांबवायचे. आईला एवढं सांगा की मी शिक्षा मागत नाही, शांतता मागते आहे, आणि ते अर्जातही तसंच लिहून घ्या. हवं तर अर्जाआधी वकिलांकडून एक नोटीस पाठवा, सात दिवस द्या. हा भिडस्तपणा मला एरवी पटत नाही, पण घरात आई आहे म्हणून एकदा चालेल. दोनदा नाही. आणि नोटिशीनंतर गप्प बसलात तर ती नोटीस न पाठवलेलीच बरी होती. वाट्याच्या प्रश्नावर मात्र या सगळ्यात चकार शब्द नको, तो दाव्यात लढला जाऊ दे. ‘लग्नात खर्च केला’ म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही, एवढं तुमच्या मनाच्या समाधानासाठी.

तोवर चॅट म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. ब्लॉक करावंसं वाटेल. अर्ज दाखल होईपर्यंत करू नका, ब्लॉक केलं की पुढचा पुरावा येणार नाही. पण रोज तो कचरा तुम्हीच वाचायला हवा असंही नाही. घरातलं कुणी विश्वासाचं माणूस आठवड्यातून एकदा उघडेल, तारखा वहीत उतरवेल, बंद करेल. रात्री झोपताना फोन दुसऱ्या खोलीत. जिवाला फारच लागत असेल तर समुपदेशकाशीही बोला.

आणि तुम्ही संतापून लिहिलेली ती एक-दोन उत्तरं. ती पुसायचा विचार मनात आला असेल, म्हणूनच शेवटच्या ओळीत दबकत लिहिलंत. पुसू नका. पुसली तर संभाषणात भोक पडतं आणि दादाच्या फोनमध्ये ती असतातच. तुम्हाला हुकुमाने मनाई केलेली नव्हती, त्यामुळे हुकूम तुम्ही मोडला नाही. पण पुढे एक अक्षर लिहायचं नाही, ‘कोर्टात भेटू’ हेसुद्धा नाही. वकिलांना पहिल्याच भेटीत ती उत्तरं दाखवा, चहा यायच्या आधी. समोरचे वकील त्यांची रंगीत प्रत काढून घेऊनच येणार आहेत.